आधी कान, मग सारेगम

‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ हे वाचताच तुमचा हात आपोआप वर गेला असेल, तर मित्रांनो, आपण एकाच शाळेतले. बालवाडीपासून आपल्याला गप्प बसायला शिकवलं. गप्प बसून ऐकायचं काय, हे मात्र कुणी सांगितलंच नाही.

मागच्या महिन्यात माजलगावजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत गेले होते. तिथे गाण्याचा तास म्हणजे मोबाइलवरची बडबडगीतं. पोरं मजेत हातवारे करत होती. मग रेंज गेली आणि गाणं थांबलं. दारात शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा पडल्या होत्या. एका पोराने दोन उचलून खुळखुळ वाजवायला सुरुवात केली, तर त्याला लगेच ‘आवाज नको’ म्हणून खाली बसवलं. त्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. पोषण आहार, वजनं, रजिस्टर, सर्वेक्षण हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. पण संगीताचा खरा तास त्या क्षणी सुरू झाला होता आणि आपण तो बंद केला, हे मनातून जाईना.

मला वाटतं, लहान मुलांचं संगीत पेटीपासून किंवा मोबाइलपासून नाही, आजूबाजूचे आवाज ऐकण्यापासून सुरू व्हायला हवं. आणि हे काम आपण कॉलेजवाले करू शकतो.

ही कल्पना बाहेरून आणलेली नाही. तेराव्या शतकात आपल्याच मराठवाड्यात, देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी हिशेब-दप्तराचं काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांना सात प्राणी-पक्षी जोडलेत. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. आता मोर काही नेमका ‘सा’ लावत नाही. आपल्याकडे ‘सा’ची पट्टीच गाणाऱ्यागणिक बदलते. पण स्वर समजावताना जुन्या लोकांनी आधी रानाकडे कान दिला, एवढं त्यातून नक्की कळतं.

पुढचा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडला नेलं. परदेशी महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले हीच शिकण्याची साधनं झाली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर गेली. तिकडे कॅनडात मरे शेफर या संगीतकाराने 1967 मध्ये ‘इअर क्लीनिंग’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. आधी कान साफ करा, आवाजांची यादी करा, मग संगीताकडे या, असं त्याचं म्हणणं.

आता आपल्या माजलगावात हे कसं करायचं?

पहिला खेळ: दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि ऐकू आलेले आवाज बोटांवर मोजायचे. लांबचा कुठला, जवळचा कुठला? जाड कुठला, बारीक कुठला?

दुसरा: पक्ष्यांची नक्कल. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा प्रत्येक हाकेला आवाज चढवत नेतो. आरोह शिकवायला याहून सोपा मास्तर नाही. भारद्वाजाचा घुमणारा ‘ऊप ऊप’ म्हणजे खर्ज. आणि टिटवीचं ओरडणं टाळ्यांवर बसवून बघा, तिची लय पोरं विसरणार नाहीत.

तिसरा: पाणी. रिकामी घागर भरताना तिचा आवाज वर वर चढतो, कारण आतली हवेची जागा कमी होत जाते. पण ग्लासात पाणी वाढवत चमच्याने वाजवलं, तर आवाज उलट खाली उतरतो. हाच जलतरंग. असं का होतं, हे पोरांना आधी ओळखू द्या, मग सांगा.

चौथा: वाद्यं. शिरीषाच्या शेंगा, करवंट्या, सुकं पाचट, दोन गोटे. एकाने ठेका धरायचा, बाकीच्यांनी त्यावर आपापलं वाजवायचं. पत्र्यावरचा पाऊस वाजवून बघा. आधी तुरळक थेंब, मग सर, मग पुन्हा थेंब. विलंबित आणि द्रुत हे शब्द न सांगताही कळतात.

‘याने पोट भरतं का?’ असं कुणी विचारेल. नाही भरत. पण आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर जातात. त्यांची पोरं अर्धं वर्ष कुठल्यातरी कारखान्याच्या कोपीत काढतात. शाळा सुटते, पाटी-पुस्तक मागे राहतं. हार्मोनियम तर तिथे पोचणारच नाही. ऐकायला शिकलेला कान मात्र त्यांच्याबरोबर जातो, आणि पाचट तर तिथे ढिगानं असतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हे म्हणजे पूर्ण संगीत शिक्षण नव्हे. मान्य. राग, ताल आणि रियाझ यांना गुरू लागतोच. पण ज्या पोराला चढता-उतरता आवाज वेगळा ऐकू येतो, त्याच्यावर गुरूची मेहनत कमी पडते.

मग आपण काय करायचं? राष्ट्रीय सेवा योजनेत आपल्याला वर्षाला 120 तास भरायचे असतात, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. दरवर्षी रस्ता झाडतो, भिंतीवर घोषणा रंगवतो, फोटो काढतो. यंदा त्यातला रोज एक तास अंगणवाडीला द्या. शिबिर हिवाळ्यात असेल, तर आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली पोरं गावात भेटतील. कोपीवरची पोरं आपल्याकडच्या फडांजवळही असतात, एक दिवस तिकडे जा. सेविकाताईंना आधी विचारा, पोरांना पाण्याच्या काठाला नेऊ नका, आणि मोबाइल खिशातच राहू द्या.

आपल्या कार्यक्रम अधिकारी सरांना किंवा मॅडमना या आठवड्यातच विचारा. परवानगी मिळाली की जाताना दोन शेंगा खिशात घाला.