नेम चुकला, मग?



आमच्या हिंगोलीचा दसरा लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. प्रदर्शनात आकाशपाळणे, मौत का कुआँ, भेळीच्या गाड्या आणि एका बाजूला फुग्यांचा स्टॉल. फळीवर रंगीत फुगे लावलेले असतात आणि छर्र्याच्या बंदुकीने ते फोडायचे असतात. एकदा मी आमच्या वर्गातली पोरं घेऊन तिथे उभा राहिलो. एकाने दहा छर्रे मारले. फुगे फुटले दोन. पोरगं लगेच म्हणालं, "सर, बंदूकच वाकडीये!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण खरं सांगू का, नेम चुकला की बंदूक वाकडी म्हणायची सवय आपल्याला सगळ्यांनाच असते. मोठ्यांनासुद्धा. मलाही आहे. ते पुढे सांगतोच.

आज गोष्ट सांगायची आहे ती स्वप्निल कुसाळेची. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथला हा मुलगा. वडील शिक्षक. २००९ साली वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे मुलांकडून आधी भरपूर व्यायाम करून घेतात आणि मग एक खेळ निवडायला सांगतात. स्वप्निलने नेमबाजी निवडली. घरापासून दूर राहून तो शिकला. पुढे रेल्वेत नोकरीला लागला, तिकीट तपासनीस म्हणून. नोकरी आणि सराव दोन्ही चालू.

त्याचा प्रकार कोणता? ५० मीटर रायफल, तीन पवित्रे. एकदा गुडघा टेकून, एकदा पोटावर झोपून आणि एकदा उभं राहून नेम धरायचा. लक्ष्य किती मोठं असतं, ओळखा पाहू! मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे एखाद्या टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढं. आणि ते ५० मीटर लांब! शाळेच्या मैदानात पन्नास मीटर चालून जा, तिथे एक हरभरा ठेवा आणि परत येऊन तो दिसतो का बघा. मला तर चष्मा लावूनही दिसला नाही.

झोपून नेम धरताना दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली असतात. गुडघ्यावर बसल्यावर एका कोपराला गुडघ्याचा आधार असतो. उभं राहिलं की मात्र जड रायफल आपल्याच अंगावर तोलायची. श्वास घेतला की नळी हलते. छातीत धडधडलं तरी हलते. म्हणून नेमबाज श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबतो आणि घोडा झटक्यात न ओढता हळूच दाबतो. उभ्याचा पवित्रा सगळ्यात अवघड मानतात तो यासाठी. आणि अंतिम फेरीत तोच शेवटी येतो, म्हणजे माणूस दमल्यावर!

आता नीट ऐका. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला जागतिक स्पर्धा झाली. स्वप्निल चौथा आला. त्यामुळे भारताला पॅरिस ऑलिम्पिकची एक जागा मिळाली, पण पदक हुकलं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळ झाले. सांघिक सुवर्णपदक त्याने दोन साथीदारांबरोबर जिंकलं. वैयक्तिक अंतिम फेरीतही तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा उभ्याचा पवित्रा चालू होता. आणि एक गोळी गेली ७.६ गुणांवर! एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. एवढ्या वरच्या स्पर्धेत ७.६ म्हणजे विहिरीच्या काठावर आणलेली बादली हातातून सुटण्यासारखं. स्वप्निल पुन्हा चौथा आला.

पुन्हा चौथा! तुम्ही असता तर काय केलं असतं?

इथे मला आमच्या शाळेची गोष्ट सांगावी लागेल. केंद्रस्तरीय खो-खोचा सामना होता. शेवटचा मिनिट. आमचा सहावीतला एक मुलगा खो मिळण्याआधीच उठला. फाऊल झाला. तेवढ्यात समोरचा पळणारा निसटला आणि एका गुणाने आम्ही हरलो. मला इतका राग आला की मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "तुझ्यामुळे हरलो!"

दुसऱ्या दिवसापासून पोरगं मैदानावर येईना. वर्गात यायचा, पण खेळाच्या तासाला झाडाखाली बसायचा. मी विचारलं, "कामून येत नाहीस रे?" तो मान खाली घालून म्हणाला, "सर, आपून नाही खेळणार आता. सारे हासतेत."

मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. फाऊल त्याचा झाला होता, पण खरा नेम कुणाचा चुकला होता? माझा. आणि मी काय केलं? बंदूक वाकडी म्हणालो!

मग एका शनिवारी मी वर्गात सगळ्यांना स्वप्निलची पुढची गोष्ट सांगितली. १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी शातोरू या गावी होती. हे त्याचं पहिलंच ऑलिम्पिक. प्राथमिक फेरीत ६०० पैकी ५९० गुण मिळवून तो सातवा आला आणि पहिल्या आठांत बसला. अंतिम फेरीत गुडघ्यावरचा पवित्रा झाला तेव्हा तो सहावा होता. झोपून झाल्यावर पाचवा. आणि मग आला तोच उभ्याचा पवित्रा. हांगझोऊला ज्याने दगा दिला होता, तोच!

या वेळी तो पाचव्यावरून तिसरा झाला. मग एकेका गोळीनंतर एकेक जण बाहेर पडू लागला. स्वप्निलची एक गोळी इथेही ९.४ वर गेली. पण तो डगमगला नाही. पुढची ९.९, त्यापुढची १०.०. एकूण ४५१.४ गुण आणि कांस्यपदक! १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं.

आणि मुलींनो, हा खेळ फक्त मुलांचा नाही बरं का! अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. स्वप्निलला शिकवणाऱ्या दीपाली देशपांडेसुद्धा २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या आहेत.

गोष्ट संपली. वर्ग चिडीचूप. मी त्या मुलाला उभं केलं नाही. स्वतःच उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी तुमच्या सरांचा नेम ७.६ वर गेला. मी एकट्याला बोललो, ते चुकलं." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सरही चुकतात, हे त्यांना नवीनच होतं.

सोमवारी खेळाच्या तासाला तो झाडाखालून उठला. मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. मंगळवारी चौकात बसला. पुढच्या सामन्याचं काय झालं म्हणाल, तर आम्ही परत हरलो. पण या वेळी तो खो मिळेपर्यंत बसून होता. घरी जाताना ऑटोत सगळ्यांत जास्त बडबड त्याचीच होती.

आता तुम्हाला एक गृहपाठ. भिंतीवर पेनाने हरभऱ्याएवढा ठिपका काढा. दहा पावलं मागे या. हातात लांब काडी धरून तिचं टोक त्या ठिपक्यावर एक मिनिट रोखा. टोक किती हलतं ते पाहा. मग श्वास अर्धा सोडून, थांबून पाहा. रोज पाच मिनिटं, आठ दिवस. आधी आणि नंतर काय फरक पडला तो वहीत लिहा. पण गलोल घेऊन चिमण्यांवर नेम धरायचा नाही हं!

आणि कुणाचा नेम चुकला तर हसू नका. त्याला पुढची गोळी मारू द्या.

तुमचेच,
सर