लेकरांची स्वप्नं ‘काहीतरीच’ नसतात

मैत्रिणींनो, आज जरा भांडायचंच आहे. नातू सांगतो, “स्वप्नातच कळलं की हे स्वप्न आहे, मग मी वाघाला पळवलं.” आपण म्हणतो, “काहीतरीच! आधी दात घास.”

काहीतरीच कसं? याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. १९१३ साली डच डॉक्टर-लेखक व्हॅन ईडन यांनी याच नावाने आपले अनुभव मांडले. १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांनी तर झोपलेल्या माणसाने स्वप्नातून ठरवून केलेली डोळ्यांची खूण यंत्रावर टिपली. २०१२ चा एक जर्मन अभ्यास सांगतो, लहान मुलांत हे बरंच दिसतं आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास कमी होतं. संशोधक याचा संबंध मेंदूच्या वाढीशी जोडतात. तेव्हा ‘मोठं झालं, मन मळलं, म्हणून गेलं’ हे प्रवचन पुरे.

त्रिशलामातेची स्वप्नं आपण हात जोडून ऐकतो. दिगंबर सोळा मानतात, श्वेतांबर चौदा. पण तिने सांगितली तेव्हा सिद्धार्थ राजाने ‘काहीतरीच’ म्हटलं नाही, मन लावून ऐकलं. आपलं लेकरू तीर्थंकर नसेल, पण ऐकायला पैसे पडतात का?

मी कॉमर्सची. ज्याला मुदत आहे ते मुदतीत घ्यावं, एवढा हिशेब मला कळतो. आज त्याला गप्प केलंत, तर उद्या शाळेत कुणी छळलं तरी ते गप्पच राहील.