वेळेचा वाफसा



गावोगाव फिरताना एक तक्रार हमखास कानी पडते, "साहेब, वेळच मिळत नाही." मृगाचा पाऊस पडला की खरोखरच कुणाला सवड नसते. पण त्या धांदलीतली काही कामे वैशाखातच उरकण्यासारखी असतात.

घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणीच घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून ओलावा टिकवायचा. सातव्या दिवशी चांगले कोंब मोजायचे. 70 वा अधिक निघाले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. थोडे कमी भरले तर बियाणे वाढवावे; फारच कमी असतील तर बदलावे.

हाताला काम पाव तासाचे, पण उगवायला सात दिवस लागतात. पेरणीच्या आदल्या दिवशी ते कुठून आणणार? हा पाव तास चुकला म्हणून दुबार पेरणी करावी लागलेली घरे मी पाहिली आहेत. बियाणे गेले, मजुरी गेली. आणि गेलेला वाफसा कुणी उसना देत नाही.

म्हणून रोज रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. उद्या काय करायचे आणि पुढच्या आठवड्यासाठी आज काय सुरू करायचे, ते ठरवावे. कारभारणीलाही विचारावे. पहाटेपासून तिच्यामागे किती कामे असतात ते कळेल, आणि त्यातले एखादे आपल्याकडे घेता येईल.

मग गोणपाट कधी भिजवणार? तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.