निर्वासिताला आधी कागद द्या!

उल्हासनगरला लोक आजही कॅम्प म्हणतात. अंबरनाथ-बदलापूरहून येणारा माणूस रिक्षात बसला की ‘कॅम्प चार’ एवढेच बोलतो. मुळात ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिच्या बराकींत ठेवले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी या वसाहतीचे उल्हासनगर झाले.

सिंधी बांधव कष्टाळू, म्हणून उभे राहिले, असे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. त्यांना छप्पर मिळाले, 1954 च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईची सोय झाली आणि मुख्य म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 6 ने नागरिकत्वाचा मार्ग दिला. (सवलती फक्त आम्हालाच मिळतात, असे ऐकवणाऱ्यांनी हेही वाचावे.) मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. पाकिस्तान सरकार सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली तिकडेच अडकवून ठेवत होते. त्यासाठी डिसेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांना पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहावे लागले. पळून जायलाही जात आडवी आली!

हे आज सांगण्याचे कारण म्यानमार. 1 फेब्रुवारी 2021 रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक हजारोंनी मिझोराममध्ये आले. मिझो जनतेने रक्ताचे नाते मानून त्यांना जेवू घातले. केंद्राने मात्र 10 मार्च 2021 च्या पत्राने कळवले, की निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. मग केंद्र तरी तो कोणत्या कायद्याने देणार? भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात म्यानमारचे नावच नाही. तिथला बौद्धही त्यात बसत नाही. बंदुकीला भिऊन पळालेली बाई आणि व्हिसा संपूनही राहिलेला पर्यटक, कायद्याच्या लेखी दोघेही फक्त विदेशी.

चितगावच्या डोंगरातून आलेल्या बौद्ध चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितले, की अनुच्छेद 21 चे संरक्षण केवळ नागरिकाला नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. पण त्यासाठी प्रत्येकाने दिल्लीपर्यंत जायचे काय?

संसदेने कायदा करावा. अर्ज कुठे करायचा, सुनावणी कोण घेणार, नकार मिळाला तर अपील कुठे, हे त्यात लिहावे. निकाल लागेपर्यंत ओळखपत्र द्यावे, म्हणजे भाड्याची खोली, बँक खाते आणि मुलाचा शाळाप्रवेश यांसाठी कुणाला दलालाचे पाय धरावे लागणार नाहीत.