कर्मणी प्रयोग

मराठी व्याकरणाचा तास म्हणजे डबा खाऊन झाल्यावर डुलकी काढण्याची हक्काची वेळ, असा विद्यार्थ्यांचा समज आहे. आणि तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून प्रयोग शिकवताना मी दरवर्षी एक प्रश्न फळ्यावर लिहिते. विमान मुंबईहून सुटते आहे आणि कप्तान ध्वनिक्षेपकावरून मराठीत बोलू लागला आहे. त्याचे पहिले वाक्य कोणते? "मी तुमचा कप्तान बोलतो आहे." मग मागल्या बाकावरची एखादी मुलगी हमखास विचारते, "मॅडम, कप्तान बाई असली तर?" "मी तुमची कप्तान बोलते आहे." झाले! इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकाला जे सांगण्याची गरज पडत नाही, ते मराठी बोलणाऱ्याला विमान जागचे हलण्याआधीच सांगून टाकावे लागते. (व्याकरणाचे जाणकार लगेच म्हणतील, "बोलत आहे" म्हणावे की! म्हणावे, ही वाट आपल्या भाषेने ठेवली आहे खरी. पण बोलताना ती आठवते किती जणांना?)

यंदा एका मुलाने विचारले, "आणि ॲडम हॅरी काय म्हणेल?" वर्गात खसखस पिकली. मी म्हटले, "तो 'बोलतो आहे' म्हणेल. तो पुरुष आहे." तास पुढे चालू झाला, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

ज्यांना हे नाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. ॲडम हॅरी हा केरळातल्या त्रिशूरचा तरुण. जन्माच्या वेळी कागदोपत्री मुलगी. विमान चालवण्याचे वेड लहानपणापासूनचे, आणि घरच्यांनी ते पुरवलेही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला पाठवून खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवून दिला. परंतु आपली मुलगी मुलगी नाही, हे कळल्यावर त्याच घरच्यांनी त्याला घरात डांबून ठेवले. तो निसटला, एर्नाकुलमला आला, फळांच्या रसाच्या दुकानात कामाला लागला. विमानाचा परवाना खिशात आणि हातात रस गाळायचे भांडे! पुढे केरळ सरकारने त्याच्या व्यावसायिक वैमानिकाच्या शिक्षणासाठी तेवीस लाखांहून अधिक रुपयांची मदत मंजूर केली आणि तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी विमानविद्या संस्थेत त्याला प्रवेशही मिळाला. इथे गोष्ट संपायला हवी होती. सिनेमात संपलीही असती.

पण वैमानिकाला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक विद्येची आणि एक देहाची. दुसऱ्या परीक्षेत तो अडकला. पुरुष म्हणून जगण्यासाठी तो हार्मोनचे उपचार घेत होता. ते चालू आहेत तोवर वैद्यकीय दाखला मिळणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे पाहा, परवाना हवा तर औषध सोड, आणि औषध हवे तर आकाश सोड. अशी निवड करायला लावणारे टेबलापलीकडून बोलत असतात, तेव्हा त्यांना ती नियमाची साधी बाब वाटते. हॅरी पुढे घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करू लागला. जुलै २०२२ मध्ये ही बातमी देशभर गाजली, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहिले, आणि ऑगस्टमध्ये महासंचालनालयाने पारलिंगी उमेदवारांच्या तपासणीसाठी वेगळी नियमावली काढली.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा गणिताचे सर चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा बाई, त्यांना हक्क मिळावेत याबद्दल माझे दुमत नाही. नोकऱ्या द्या, घरे द्या. पण विमान? दीडशे माणसांचा जीव असतो हो मागे!" सर सज्जन आहेत. त्यांचे वाक्य मी इथे देते ते त्यांची थट्टा करण्यासाठी नव्हे; आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात हेच वाक्य असते, फक्त सर ते मोठ्याने म्हणतात. "हक्क द्या, पण माझ्या विमानात नको."

आता सरांच्या शंकेत काही अर्थ आहे का, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आहे, थोडा आहे. टेस्टोस्टेरॉनने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होते. मात्रा बसेपर्यंत मन आणि झोप दोन्ही हेलकावे खाऊ शकतात. डॉक्टरांनी हे तपासायलाच हवे. पण हार्मोन या शब्दाला बिचकण्याचे कारण काय? थायरॉइडची गोळी म्हणजे दुसरे काय असते? ती रोज सकाळी घेऊन विमान चालवणारे वैमानिक जगभर आहेत. मात्रा बसली, रक्ताचा अहवाल ठीक आला, की त्यांना उडू देतात, रक्तदाबाचेही तेच. २०२२ च्या नियमावलीनेही अखेर हेच मान्य केले. उपचार चालू असणे हे आपोआप अपात्र ठरण्याचे कारण राहिले नाही; उपचार नव्याने सुरू करणाऱ्याने निदान तीन महिने, किंवा मात्रा स्थिर होईपर्यंत, जमिनीवर थांबावे, तज्ज्ञाचा सविस्तर अहवाल आणावा, असे ठरले. हे मला रास्त वाटते. मात्र गेल्या पाच वर्षांत उपचार वा शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाची मानसिक तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, हे कलम वाचताना मी थबकले. ज्याने घर, नातेवाईक, फुटपाथ आणि सरकारी खाते एवढ्यांना तोंड देऊन कॉकपिटच्या दारापर्यंत मजल मारली, त्याच्या मनाची ताकद आणखी कोणत्या यंत्राने मोजणार?

दीडशे जीवांचा मुद्दा मात्र जुना आहे. १९३४ साली अमेरिकेत हेलन रिची नावाची बाई सेंट्रल एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणून लागली, तेव्हा वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतले नाही, आणि वाईट हवेत तिने उडू नये असाही दंडक आला. पुढल्याच वर्षी तिने राजीनामा दिला. आपल्याकडे १९८५ साली कप्तान सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी फॉकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले; संपूर्ण स्त्रियांच्या हाती असलेले ते देशातले पहिले प्रवासी उड्डाण. त्या दिवशी विमानात बसताना कोणाच्या पोटात गोळा आला नसेल, असे थोडेच आहे? आज स्त्री वैमानिकांच्या प्रमाणात भारत जगात पुढच्या रांगेत आहे आणि ध्वनिक्षेपकावर बाईचा आवाज ऐकून कोणी वर्तमानपत्रातून मान वर काढत नाही. गणिताचे सरही काढत नाहीत. मी त्यांना विचारले.

सर्वांत विलक्षण कथा आहे ती कॅरन युलेनची. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक वैमानिक म्हणून पदके मिळवलेली ही व्यक्ती १९६८ साली ईस्टर्न एअरलाइन्समध्ये रुजू झाली. आठ हजारांहून अधिक तासांचे उड्डाण तिच्या नावावर होते, नवशिक्यांना शिकवण्याचे कामही ती करी. तेव्हा जग तिला पुरुष म्हणून ओळखत होते. १९८० साली तिने शस्त्रक्रिया करून घेतली. इलिनॉय राज्याने जन्मदाखला बदलून दिला, अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने स्त्री म्हणून उड्डाणासाठी पात्र ठरवले. आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये कंपनीने तिला काढून टाकले.

आता मराठीच्या मास्तरणीला इथे एक वाक्य सुचल्यावाचून राहत नाही. "त्याने विमान उतरवले. तिने विमान उतरवले." क्रियापद पाहा. कर्ता बदलला, क्रियापद हलले नाही. याला कर्मणी प्रयोग म्हणतात. इथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाकडे ढुंकून पाहत नाही, ते कर्माच्या मागे चालते. विमान नपुंसकलिंगी, म्हणून "उतरवले". आठ हजार तासांचा तो सगळा हिशेब मराठीत लिहायचा तर कर्मणी प्रयोगातच लिहावा लागेल. ईस्टर्न एअरलाइन्सला तो कर्तरी प्रयोगात वाचायचा होता.

खटला झाला. खालच्या न्यायालयाने तिला नोकरी परत द्यावी असा निकाल दिला. वरच्या न्यायालयाने १९८४ साली तो फिरवला. सारा वाद एका शब्दाचा होता. १९६४ च्या कायद्यात लिंगावरून भेदभाव करू नये असे म्हटले आहे. त्यातल्या "लिंग" या शब्दाचा नेहमीचा अर्थ घ्यायचा, आणि त्या अर्थात युलेनसारखी माणसे बसत नाहीत, असे न्यायाधीशांनी ठरवले. शब्द तोच राहिला, न्यायाधीश बदलले. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की पारलिंगी माणसाला त्या कारणाने कामावरून काढणे म्हणजे लिंगावरून काढणेच होय. छत्तीस वर्षे लागली. युलेन तो निकाल ऐकायला नव्हती. १९८९ साली इलिनॉयमध्येच डीसी-३ विमानाच्या अपघातात ती गेली. विमान चालवणे तिने तोवर सोडले नव्हते.

कायद्याचे असे; पोशाखाचे त्याहून मजेचे. सप्टेंबर २०२२ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने आपल्या नोकरांना, त्यात वैमानिकही आले, लाल किंवा गर्द तांबडा यांपैकी मनाला येईल तो गणवेश घालण्याची मुभा दिली. जाहिरात झोकात झाली. नोव्हेंबरात इंग्लंडचा फुटबॉल संघ त्याच कंपनीच्या विमानाने कतारला निघाला, तेव्हा मुभा घरी ठेवावी लागली. ज्या देशात उतरायचे तिथली हवा पाहून धोरण ठरते! पण त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. नारायण श्रीपाद राजहंस रंगभूमीवर जसे लुगडे नेसत, जसा गजरा माळत, तसेच पुण्यामुंबईच्या कुलीन स्त्रिया नेसू-माळू लागल्या होत्या, आणि त्याचे कौतुक आपण अजून सांगतो. पडदा पडल्यावर मात्र तेच लुगडे सिग्नलपाशी टाळी वाजवणाऱ्या हातांजवळ दिसले, की आपण मोटारीची काच वर करतो.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान आणि सैन्याचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन सदुसष्ट माणसे मेली. पोटोमॅक नदीतून प्रेते काढण्याचे काम चालू होते, आणि तेवढ्यात समाजमाध्यमांवर एक नाव फिरू लागले: हेलिकॉप्टर चालवणारी वैमानिक पारलिंगी होती म्हणे. नाव खऱ्याच माणसाचे होते. व्हर्जिनियाच्या नॅशनल गार्डमधली ती वैमानिक त्या रात्री त्या हेलिकॉप्टरच्या जवळपासही नव्हती. पण लोकांनी ते नाव पुढे ढकलले, फोटोसकट. शेवटी तिला कॅमेऱ्यासमोर उभे राहून जगाला सांगावे लागले की मी जिवंत आहे.