पौर्णिमेला बारा वाजतात!

शेवटची ओरल झाली की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच प्रश्न, "कुठं जायचं?" आणि बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलं, "कोकण! बीचवर तंबू ठोकायचा!" मग कुणाच्या तरी चुलतभावाचा तंबू, कुणाची तरी बाईक, मेसमधून ढापलेलं एक पातेलं आणि खर्च टीटीएमएम. झालं प्लॅनिंग! निघताना गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'जाण्याचे ठिकाण' या रकान्यात सगळेजण एकच शब्द लिहितात, 'घरी'.

मी पण लिहिलाय. आम्ही सहाजण होतो, सहाही जणांनी 'घरी' लिहिलं आणि ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेलो. दिवस मुद्दाम पौर्णिमेचा निवडला होता, चांदण्यात समुद्र बघायचा म्हणून. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचलो तेव्हा किनारा म्हणजे क्रिकेटचं ग्राउंड! पाणी कुठंतरी लांब, मध्ये सपाट, ओली, कडक वाळू. म्हटलं, यापेक्षा भारी जागा कुठली? सुरूच्या झाडांपासून बरंच पुढं जाऊन तंबू लावले. आठ-साडेआठला जाळी आवरून घरी निघालेले एक कोळी काका जवळ आले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "पोरांनो, आज पुनव हाय. तंबू काढा तिथनं." आम्ही "हो काका" म्हटलं आणि ते गेल्यावर हसलो. आम्हाला वाटलं, काका भुताखेताचं काहीतरी सांगतायत!

अकराच्या आसपास पहिल्या तंबूत पाणी शिरलं. आम्ही पाचजण आतून ओरडत बाहेर आलो. सहावा 'तारे बघत झोपतो' म्हणून आमच्याही पुढं वाळूवर स्लीपिंग बॅगमध्ये शिरून झोपला होता, चेन गळ्यापर्यंत लावून. त्याला आम्ही बॅगसकट ओढून आणलं. अंधारात त्याला चेन सापडत नव्हती. पाणी फक्त गुडघ्याइतकं होतं, पण आडव्या माणसाला गुडघाभर पाणी पुरतं. तो आज ठणठणीत आहे आणि हा किस्सा स्वतःच रंगवून सांगतो. मला मात्र त्यातला एकच भाग आठवतो. त्या रात्री काही झालं असतं, तर रेक्टर सरांनी सहा घरी फोन लावले असते आणि सहाही घरी आई-बाबांनी विचारलं असतं, "तो तर हॉस्टेलवर आहे ना?"

परत आल्यावर मी भरती-ओहोटी नीट वाचून काढली आणि लाज वाटली, कारण यातलं काहीही एफ. ई.च्या पोराच्या डोक्यावरून जाणारं नाही. दिवसात साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा आणि अमावास्येला साधारण बारा, दुपारचे आणि रात्रीचेही! म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. आता गंमत बघा. आपण चांदण्यासाठी पौर्णिमा निवडतो, सहाला पोचतो, किनारा सगळ्यात रुंद असतो तेव्हा तंबू ठोकतो आणि झोपतो. बरोबर बारा वाजता समुद्र येतो. आमचे बारा वाजले ते नशिबानं नाही, वेळापत्रकानुसार!

वरून त्या दोन तिथ्यांच्या आसपास उधाणाची भरती असते. चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते आणि रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटी-भरतीतला फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. किनाऱ्याचा उतार १:५० धरा. पाणी ४ मीटर चढलं तर आडवं २०० मीटर आत येतं. शिवाय ते सारख्या वेगानं येत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं. म्हणजे आठ ते दहा, आपण मॅगी शिजवत असतो आणि अंताक्षरी रंगात आलेली असते, तेव्हा पाणी १०० मीटर पुढं येऊन बसतं!

तर ज्यांना जायचंच आहे (आणि जाणार आहातच) त्यांच्यासाठी ठेच लागून शिकलेल्या चार गोष्टी.

तंबू कुठं लावायचा? किनाऱ्यावर सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची एक रेघ दिसते. ती मागच्या भरतीची सही. तंबू त्या रेघेच्या बराच वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत. अशा दोन रेघा दिसल्या तर वरची खरी धरा. नारळाखाली लावू नका, समुद्रानं सोडलं तरी नारळ सोडणार नाही. खाडीच्या तोंडाशी तर अजिबात नाही, तिथं पाणी बाजूनं आणि मागूनही येतं. सगळ्यात उत्तम म्हणजे गावात कुणाच्या तरी वाडीत विचारून अंगणात तंबू लावायचा. विहिरीचं पाणी मिळतं, संडासचा प्रश्न सुटतो, पैसे थोडेच जातात आणि गावात कुणाला तरी माहीत असतं की ही पोरं इथं आहेत.

वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा, हातभर खोल पुरा, मग तंबू हलत नाही. (येताना पिशव्या परत आणा!) शाळेतला भूगोल आठवा : दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. संध्याकाळी वाऱ्याकडे पाठ करून लावलेलं तंबूचं दार पहाटे वाऱ्याच्या तोंडाशी असतं. थंडीत दव एवढं पडतं की बाहेर ठेवलेली चादर पिळावी लागते. प्यायचं पाणी माणशी चार-पाच लिटर बरोबर ठेवा. बाईक किंवा गाडी वाळूवर घेऊ नका. ती रुतते, भरती ओढ काढणाऱ्या ट्रॅक्टरची वाट बघत नाही. शेकोटी सुरूच्या बनात नको, खालचा पाचोळा पेट्रोलसारखा पेटतो. आणि विस्तव वाळूखाली पुरून जाऊ नका. वरून थंड दिसतो, आत तासन् तास धगधगतो, सकाळी अनवाणी खेळणाऱ्या गावच्या पोराचा पाय भाजतो. पाणी ओतून विझवा.

नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणात काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळासचं नाव आपण ऐकलेलंच असतं. तिथं रात्री वाळूवर टॉर्च, हॅलोजन, शेकोटी काहीच नको. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात आणि समुद्राऐवजी आपल्या पार्टीकडे येतात.

आणि पाण्यात उतरणं. ओहोटी सुरू असताना नाही, अंधारात नाही, 'दोन घोट' घेतल्यावर तर नाहीच. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत दिसतंय, तर ती जागा सुरक्षित नसते, उलट तिथूनच पाणी जोरात समुद्राकडे परत जात असतं. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीच्या बाहेर या, मग परत फिरा. मित्र सापडला तर साखळी करून मागे धावू नका. दोरी, रिकामा कॅन, मोठं लाकूड, जे तरंगेल ते फेका आणि गावकऱ्यांना हाका मारा. पावसाळ्यात तर विषयच नको. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी स्वतःची होडी समुद्रात घालत नाही, आपण कोण लागून गेलो?

आता थोडं सर-मॅडमशी. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर अशा सहली म्हटल्या की कुठल्याही कॉलेजच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. पण सर, ती सहल चोरून गेलेली नव्हती. कॉलेजची होती, सोबत शिक्षक होते. परवानगी होती म्हणून समुद्र थांबला नाही, आणि परवानगी नाकारली म्हणून आम्ही थांबत नाही. बंदीनं एकच गोष्ट होते, रजिस्टरमध्ये 'घरी' लिहिलं जातं. मग खरं काय ते ना तुम्हाला माहीत, ना आमच्या घरी.

तुमची बाजू मला कळते. उद्या काही झालं तर पेपरात नाव कॉलेजचं आणि चौकशी रेक्टरची. म्हणून 'हो' म्हणायचा धीर होत नाही. पण माझी मागणी 'हो' म्हणण्याची नाहीच. रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवा, एवढंच : खरं ठिकाण, त्या दिवसाची तिथी, भरतीच्या दोन्ही वेळा आणि तिथल्या एका माणसाचा फोन. ज्याला भरतीची वेळ लिहिता आली नाही त्याला गेटवरच अडवा, खुशाल! ज्यानं खरं लिहिलं त्याला मात्र त्या खरं लिहिण्याची शिक्षा नको. सोबत वर्षातून एकदा, डिसेंबरच्या सुट्टीआधी, एखाद्या कोळी काकांना बोलवा आणि सेमिनार हॉलमध्ये तासभर बोलू द्या. इतक्या गेस्ट लेक्चर्सना आम्ही अटेंडन्ससाठी बसतो, या एकाला जीव वाचवायला बसू.

आणि मित्रांनो, सगळा दोष रेक्टरवर ढकलून आपण सुटत नाही. त्या रात्री आम्हाला फुकटात, घरपोच, अचूक माहिती मिळाली होती. "आज पुनव हाय." फक्त सांगणाऱ्याच्या हातात जाळं होतं, डिग्री नव्हती, म्हणून आम्ही हसलो. सकाळी सहाला पाणी पुन्हा लांब गेलं होतं. आमचा एक बूट, पातेलं आणि चुलतभावाच्या तंबूचा एक दांडा पाणी घेऊन गेलं. ते काका परत दिसले, तेव्हा काही बोलले नाहीत. आमच्याकडे बघून मोजलं. सहा आहेत हे पाहिलं आणि पुढं गेले.

पुढच्या वेळी मी रजिस्टरमध्ये खरं लिहिणार आहे. सरांनी सही केली नाही तरी. बघा, तुम्हाला पटतंय का!