विजेरी वेळेला लागायला हवी!



श्रीरामपूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे चार्जिंगच्या दोन बॅटऱ्या आहेत. दोन्ही चांगले पैसे मोजून घेतलेल्या. पण लाईट गेली की एक लागतच नाही, आणि दुसरी दहा मिनिटांत मिणमिणायला लागते. दुकानदार म्हणतो, नवी घ्या. दरवर्षी नवीच घ्यायची का हो?"

नाही बाई, दरवर्षी नवी घ्यायचं काही कारण नाही. पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. कारण हेच आमच्या घरी घडलं आहे आणि त्यात चूक माझी होती.

आमची शेती राहुरी तालुक्यात. धाकटे भाऊजी ती पाहतात. थंडीचे दिवस होते आणि त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. उसाला बारे द्यायचे म्हणून भाऊजी जेवून निघाले. मी कौतुकाने कपाटावरची नवी बॅटरी काढून दिली. दिवाळीत आणलेली, बुडाला लोहचुंबक, मागे अडकवायला आकडा. बटण दाबून पाहिलं, लख्ख लागली. झालं! दिवाळीनंतर तिला कोणी चार्जिंगला लावलंच नव्हतं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पाऊण तासात ती विझली. मोबाईल घरीच राहिलेला. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, पायाखाली चिखल आणि पाचटात कसली तरी खसखस. पाटाच्या कडेने चाचपडत ते मोटारीच्या खोलीपर्यंत आले आणि दार लावून उजाडेपर्यंत आत बसून राहिले. इकडे जाऊबाई रात्रभर उंबऱ्यात. सकाळी आले तेव्हा कोणी काही बोललं नाही. भाऊजींनी बॅटरी माझ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, ही नसती तर मी दुसरी सोय करून गेलो असतो."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. बॅटरी नसली तर माणूस सावध असतो. न भरलेली बॅटरी मात्र त्याला भरवशावर अंधारात नेते आणि मध्येच सोडते. आणि ती भरायची कोणी, हे आमच्या घरात कधी ठरलंच नव्हतं. मला वाटे भाऊजी लावत असतील, त्यांना वाटे जाऊबाई.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, हा प्रश्न लहान नाही. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आली. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांत आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं. जिथे ही सोय झाली तिथल्या बायकांची झोप परत आली. पण ज्यांच्या घरचं माणूस अजून रात्री वावरात जातं, त्यांना बॅटरीवाचून गत्यंतर नाही. शिवाय उसात बिबट्या आहे. अकोले तालुक्याच्या शेतवस्तीच्या भागात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तिथे दर १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे होते. तेही जंगल नसलेल्या भागात!

आता बॅटरीच्या देखभालीकडे वळू. आधी आपली बॅटरी कोणत्या जातीची ते ओळखा. हातात घेतल्यावर जड लागणारी, मागून पिन काढून थेट भिंतीच्या प्लगला लावायची जुन्या धर्तीची बॅटरी बहुधा शिसे-आम्लाची असते. मोबाईलच्या वायरीने भरणारी, हलकी, ती लिथियमची. दोघींचे स्वभाव वेगळे.

शिशाच्या बॅटरीला उपास सोसत नाही. रिकामी ठेवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर क्षार धरतो, आणि मग कितीही वेळ प्लगला लावा, ती भरत नाही. म्हणून वापरून झाली की त्याच दिवशी भरायची, आणि वापरली नाही तरी महिन्यातून एकदा भरायचीच. मात्र भरल्यावर काढून ठेवा. दोन-दोन दिवस प्लगला लटकवू नका.

लिथियमचा सेल उन्हाला भितो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत किंवा गॅसच्या ओट्याजवळ ती ठेवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. पार विझेपर्यंत जाळणंही तिला मानवत नाही. उजेड मंदावला की बंद करून भरायला लावा. महिनोन्‌महिने लागणार नसेल तर अर्धीअधिक भरून ठेवणं तिच्या प्रकृतीला बरं. पण अडीअडचणीची बॅटरी भरलेलीच हवी. सेल थोडा लवकर झिजला तरी चालेल, रात्रीचं माणूस अडता कामा नये.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

चार्जिंगला लावायची ती फरशीवर किंवा ओट्यावर. गादीवर, उशीखाली, कपड्यांच्या ढिगावर कधीच नको. रात्री सगळे झोपल्यावरही नको. सेल फुगला, वास आला, हाताला चटका बसण्याइतका तापला, तर ती बॅटरी पुन्हा लावू नका.

पावसात भिजली तर आधी कोरड्या फडक्याने पुसा, चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण उघडून सावलीत पंख्याखाली वाळवा आणि मगच भरा. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ आणि कोंडा मात्र आत जातो. ते रबरी झाकण निघालं की धूळ-पाण्याला दार उघडंच, तेव्हा ते जपा.

सेल बदलायचा झाला तर आकड्यांना भुलू नका. अंगठ्याएवढा जाड, ६५ मिलिमीटर लांबीचा जो गोल सेल पुष्कळ बॅटऱ्यांत असतो, त्याची खरी क्षमता साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास. त्यावर ९,९०० छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊच नका. जुना सेल कचऱ्याच्या बादलीत किंवा चुलीत टाकायचा नाही. दुकानदाराकडे नाहीतर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

घेताना बुडाला चुंबक आणि मागे आकडा असलेली कामाची बॅटरी घ्यावी. फ्यूज बघताना ती लोखंडी पेटीला चिकटवली की दोन्ही हात मोकळे राहतात. नाहीतर एक जण दिवा धरणार आणि दुसरा त्याच्यावर ओरडणार, हे घरोघरचं! घरात कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र चुंबकाची बॅटरी त्यांनी खिशात ठेवू नये.

एक गोष्ट पाठच करा. घरात गॅसचा वास आला तर बॅटरीचंसुद्धा बटण दाबायचं नाही. त्याचीही ठिणगी पडू शकते. अंधारातच दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि तिथून १९०६ ला फोन करा.

आणि एक बॅटरी उशाशी हवीच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या चाव्याला कित्येकदा सूज नाही, वेदनाही नाही. त्यामुळे "काही नाही झालं" म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि घात होतो. पाय खाली टाकण्याआधी उजेड टाका. साप चावल्याची नुसती शंका आली तरी बांधाबांधी नको, चिरा नको, मांत्रिक नको. माणसाला हलू न देता १०८ ची गाडी बोलवा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने तडक सरकारी दवाखाना गाठा.

आता आमच्या घरचा नियम सांगते. दर अमावस्येला घरातल्या सगळ्या बॅटऱ्या एका ताटात काढायच्या. पुसायच्या, भरायच्या आणि नुसतं बटण दाबून न पाहता चांगली अर्धा तास लावून ठेवायच्या. भाऊजींना दिली तेव्हा तीही लख्खच लागली होती ना! अर्ध्या तासात मंदावली तर सेल थकला असं समजावं. टिकली तर पुन्हा भरून जागच्या जागी ठेवायची. हे काम माझं, हे आता ठरलेलं आहे. मी गावाला गेले तर जाऊबाईंचं.

श्रीरामपूरच्या भगिनींनी आधी जुन्या दोन्ही बॅटऱ्या ओळखून, पूर्ण भरून अशाच लावून पाहाव्यात. एक तरी नक्की सुधारेल. जी सुधारणार नाही तिचा सेल बदलून मिळतो का ते विचारावं, नवी घेण्याचा विचार त्यानंतर.

परवा भाऊजी पुन्हा रात्रीच्या बाऱ्याला निघाले. बॅटरी हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "कालच भरली आहे, भाऊजी. अर्धा तास लावूनही पाहिली." ते हसले आणि गेले. जाऊबाई त्या रात्री झोपल्या.